काळजावरची चरबी

सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी माझ्या उजव्या बरगड्यांखाली ते गार, चिकट यंत्र दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा त्याच जागी परत आणलं, पडद्याकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हं." बस, एवढंच. आता, ‘हं’चा अर्थ मला कुणी शिकवायला नको. बिस्किटांच्या कारखान्यात वीस वर्षं मी चव घेण्याचं काम करतो. रोज सकाळी नऊ वाजता पांढऱ्या फरशांच्या एका खोलीत कोमट पाण्याचा पेला घेऊन बसतो आणि प्रत्येक घाण्यातलं एकेक बिस्किट चाखतो. काच लावलेल्या खिडकीपलीकडे भट्टीवरची माणसं माझ्या तोंडाकडे टक लावून उभी असतात. मी मान डोलावली तर माल पुढे जातो. मी ‘हं’ म्हटलं तर पट्टा थांबतो, भट्टीवाला कपाळ पुसतो, कणीक कुणी मळली याची चौकशी सुरू होते. म्हणजे आयुष्यभर मी लोकांना जे देत आलो ते त्या दिवशी मला मिळालं, आणि तेसुद्धा उघड्या पोटानं उताणा पडलेला असताना. "काय आहे?" मी विचारलं. "डॉक्टर सांगतील," त्या म्हणाल्या आणि पोट पुसायला कागद दिला. तो कागद इतका पातळ होता की माझं पोट किती मोठं आहे ते मला त्या कागदामुळेच नीट कळलं.

बाहेर बाकावर ताई बसली होती. खरं तर आजारी ती होती, मी नाही. तीन वर्षांपूर्वी तिला थकवा यायला लागला, अंगाला खाज सुटायला लागली, आणि तपासण्यांवर तपासण्या झाल्यावर कळलं की शरीरातल्या ज्या पेशींनी राखण करायची त्याच तिचं यकृत पोखरत होत्या. तिचा त्यात काडीचा दोष नव्हता. औषधांनी जमेल तेवढं सांभाळलं, पण आता ते यकृत थकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की जवळच्या नातेवाइकानं आपल्या यकृताचा भाग दिला तर चालतं, दोघांचंही पुन्हा वाढतं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी हात वर केला होता. शाळेत मी कधी हात वर केला नाही. गुरुजींनी नाव घेऊन उठवलं तरी मी खालीच बघायचो. पण तिथं माझा हात माझ्या आधी उठला, आणि तो उठलेला बघून मलाच आश्चर्य वाटलं.

"वीस टक्के चरबी आहे तुमच्या यकृतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा यकृताचा भाग काढणं तुम्हालाही धोक्याचं, त्यांनाही."

"पण मी दारूला आयुष्यात शिवलेलो नाही!"

"न पिणाऱ्यांनाही होतं. बसून काम, गोड, मैदा, पोटाचा घेर. रोज किती बिस्किटं खाता?"

"खात नाही, चाखतो."

"चाखल्यावर गिळता ना?"

"गिळतो."

"मग खाता."

ताईला हसू आवरेना. आजारपणात तिचे गाल बसले होते, पण हसण्याला काही झालं नव्हतं. "डॉक्टर, याला चरबी चढलीय हे मी हा पाच वर्षांचा असल्यापासून सांगतेय," ती म्हणाली. "आईला पटायचं नाही. आता तुम्ही लिहूनच द्या." डॉक्टरीणबाईंनी खरंच लिहून दिलं, पण वेगळं. ताईची तब्येत तीन-चार महिने तग धरेल असा त्यांचा अंदाज होता. तेवढ्या काळात माझी चरबी दहा टक्क्यांच्या खाली आली तर पुन्हा बघता येईल. "पण उपाशी राहून नाही," त्यांनी बोट उगारलं. "झपाट्यानं वजन उतरवलंत तर यकृत उलट बिघडतं. हळूहळू. आणि कुणी सांगितलं म्हणून कसल्या पावडरी नि काढे घ्यायचे नाहीत. यकृताला साफसफाईची औषधं लागत नाहीत, साफसफाई हेच त्याचं काम आहे. तुम्ही फक्त त्याच्या डोक्यावर ओझं टाकायचं थांबवा."

त्या दिवशी बसनं घरी येताना मी उजव्या बरगड्यांखाली हात ठेवून बसलो होतो. काही लागत नव्हतं, दुखत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं ते तिथं बसून गुपचूप काम करत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टर त्याला यकृत म्हणतात. म्हणजे तो शब्द ऐकला की शाळेतला पुठ्ठ्याचा माणूस आठवतो, ज्याचं पोट उघडून तपकिरी तुकडा काढता यायचा. पण आई त्याला काळीज म्हणायची. आणि आईच्या बोलण्यात काळीज शरीरात एका जागी नसायचंच. ते तुटायचं, धडधडायचं, त्याला घरं पडायची, कधी ते सुपाएवढं व्हायचं. ताई शाळेतून यायला उशीर झाला की आई दारात उभी राहायची आणि म्हणायची, "माझं काळीज थाऱ्यावर नाही." मला वाटायचं, आईचं काळीज ताईबरोबर दप्तरातून जात असेल. बसमध्ये मला आणखी एक गंमत सुचली. काळीज या शब्दातली वेलांटी एक अक्षर पुढे सरकवली की काळजी होते. मी ते ताईला सांगितलं. "आणि ढब्ब्या, मागे सरकवली की?" तिनं विचारलं. मागे सरकवून काहीच होत नव्हतं. "मग तू पुढेच सरक," ती म्हणाली, "खिडकीतून वारा येत नाहीये तुझ्यामुळे."

ढब्ब्या हे माझं नाव फक्त ताई वापरते. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिचं शिवणाचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर ती राहते. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "माप जमलं नाही" म्हणते आणि मशीन सुरू करते, म्हणजे पुढचा प्रश्न आवाजात बुडून जातो. आजारपणातही तिनं दुकान बंद केलं नाही. दिवसातून दोन तास का होईना, खुर्चीत उशी ठेवून ती बसायचीच. त्या बिघडलेल्या अहवालानंतर तिनं ठरवून टाकलं की दर रविवारी मी दुकानात यायचं आणि तिनं माझ्या कमरेचं माप घ्यायचं. पहिल्या रविवारी तिनं टेप लावला, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाली, "एकशे सहा सेंटिमीटर. यात दोन शाळकरी पोरांच्या विजारी बसतील." आणि वहीत लिहिलं. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत, एका पोलिसाच्या कोटाच्या आणि एका नवरीच्या झग्याच्या मधोमध, मी.

माझी बायको शाळेत भूमिती शिकवते. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद तिनं एकदाच वाचला आणि माझं ताट तिच्या ताब्यात गेलं. अर्ध्या वर्तुळात भाज्या, पाव वर्तुळात डाळ, कडधान्यं किंवा मासा, आणि उरलेल्या पाव वर्तुळात पॉलिश न केलेलं, कोंड्यासकट धान्य. भाजी सीमारेषा ओलांडून धान्याच्या भागात गेली तर तिची हरकत नव्हती, पण धान्य भाजीच्या भागात आलं की चमच्यानं मागे ढकललं जायचं. फळांचा रस बंद, फळ चावून खायचं. शीतपेयं बंद. मूठभर अक्रोड, तेही माझ्या मुठीनं नाही, तिच्या मुठीनं. कॉफी चालेल, पण बिनसाखरेची. पहिल्या दिवशी ती कॉफी पिताना माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "जळकी, कडू, शेवटी किंचित सुक्या लाकडासारखी." ती म्हणाली, "म्हणजे प्यायलास." पंधरा दिवसांनी मला त्याच कॉफीत एक मंद गोडवा सापडला. तो तिथं आधीपासून असणार, साखरेच्या गोंगाटात ऐकू येत नसावा. गाजराचंही तसंच झालं. वीस वर्षं जिभेवर पोट भरणारा मी, आणि गाजर गोड असतं हे मला तेव्हा कळलं. मला जरा लाज वाटली, पण मजाही वाटली, जुन्याच घरात एक न उघडलेली खोली सापडावी तशी.

कारखान्यात मात्र पंचाईत झाली. मी कागदी पेला घेऊन बसलो आणि पहिलं बिस्किट चावून, जिभेवर घोळवून, त्यात थुंकलो. काचेपलीकडे हलकल्लोळ. भट्टीवाला धावत आत आला. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, ढगासारखा पांढऱ्या मिशांचा, आणि आपल्या हातचं बिस्किट थुंकलेलं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. "काय बिघडलंय? सोडा जास्त झाला? लोणी खवट आहे?" मी म्हटलं, "बिस्किट उत्तम आहे. मीच बिघडलोय." मग त्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खुर्चीवर बसला आणि हळूच आपल्या उजव्या बरगड्यांखाली हात लावून बघू लागला. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक थुंकण्याबरोबर काचेआडून अंगठा वर करून दाखवायचा. जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर कारखान्याच्या आवाराला तीन फेऱ्याही मारायला लागला. तिसऱ्या फेरीला त्याला धाप लागायची आणि तो म्हणायचा, "तुझ्या बहिणीला सांग, माझं पण तयार ठेवतोय. लागलंच तर."

सकाळचं चालणं मी एकटाच करायचो. पंचेचाळीस मिनिटं, झपझप, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं. कालव्याच्या काठानं, पुलाखालून, लाकडाच्या वखारीपाशी वळून परत. सुरुवातीचे काही दिवस पाय, पाठ, टाचा सगळे एकदम बोलायचे. मग ते गप्प झाले आणि त्यांच्या जागी आठवणी चालायला लागल्या. लहानपणी ताई जेवायला किती वेळ लावायची! तिचं चित्त कापडाच्या चिंध्यांत. अर्धवट जेवून ती उठायची आणि तिच्या ताटातलं मी संपवायचो. कौतुकानं आई म्हणायची, "टाकायचं नाही म्हणून खातो हो बिचारा." बिचारा! मी तर तिच्या उठण्याची वाट बघत असायचो. एकदा तिला ताप आला होता आणि तिच्यासाठी केलेली खीर मी स्वयंपाकघरात उभ्यानं खाल्ली होती. ते कुणाला कळलं नाही. कालव्याच्या पाण्यावर बदकं चालली होती आणि मला ती खीर आठवून कानांच्या पाळ्या गरम झाल्या. असं वाटलं की मी तिच्या वाट्याचं इतकी वर्षं खातच आलो आणि ते सगळं माझ्या काळजावर जाऊन बसलंय. मग स्वतःचंच हसू आलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तसं नसतं, ती चरबी गेल्या काही वर्षांतली आहे.

सातव्या आठवड्यापर्यंत कंबर एकशे एकवर आली होती. त्याच आठवड्यात रुग्णालयानं शस्त्रक्रियेची माहिती देणारी पुस्तिका पाठवली. मी ती जेवणाच्या टेबलावर बसून वाचली. त्यात एक चित्र होतं, यकृताचं, मधोमध तुटक रेघ. ताई कापडावर खडूनं आखते तशी. खाली लिहिलं होतं, देणाऱ्याचा धोका कमी असतो, पण शून्य नसतो. ‘पण शून्य नसतो’ हे शब्द मी तीनदा वाचले. आतल्या खोलीत बायको मुलांच्या वह्या तपासत होती. तिनं मला थांब असं एकदाही म्हटलं नव्हतं. फक्त हल्ली ती माझ्याकडे बघायची तेव्हा जरा जास्त वेळ बघायची. दुसऱ्या दिवशी कारखान्यात लोण्याच्या नव्या बिस्किटांची चाचणी होती. मी ती चाखली, थुंकलो, मान डोलावली, आणि संध्याकाळी दोन पुडे पिशवीत घालून निघालो. कालव्यावरच्या बाकावर बसून मी दोन्ही पुडे संपवले. पहिले एकदोन घास चवीनं, मग नुसतेच. भूक नव्हती. खाताना मी स्वतःला सांगत होतो की माणसाचा तोल जातो कधी कधी. पण आत कुठंतरी एक अगदी शांत आवाज हिशेबी माणसासारखा म्हणत होता, दहाच्या खाली आलीच नाही तर तुला कुणी काही म्हणणार नाही. तू तर प्रयत्न केलास. सगळे पाठीवर हातच ठेवतील. तो आवाज ऐकून मी इतका घाबरलो की शेवटचं बिस्किट घशात अडकलं.

दोन दिवस मी तो आवाज घेऊन हिंडलो. रविवारी दुकानात गेलो तेव्हा ताई मशीनवर बसून कसलीशी किनार शिवत होती.

"ताई, मी बिस्किटं खाल्ली. दोन पुडे."

"बरं."

"भूक नव्हती."

मशीन थांबलं. ती माझ्याकडे न बघता सुईखालचं कापड सोडवत राहिली.

"मला वाटत होतं की चरबी तशीच राहावी," मी म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता. "म्हणजे मला द्यावं लागणार नाही. आणि नाही म्हणावंही लागणार नाही."

तिनं चष्मा काढला, पदार्थ चाखून बघावा तसा माझा चेहरा बघितला. मला वाटलं, आता ती रडेल. ती म्हणाली, "बस. उभा काय राहिलास, मी माप घेत नाहीये."

मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसलो.

"हे बघ ढब्ब्या, मला जगायचंय. खोटं कशाला बोलू? चांगलं ऐंशीपर्यंत जगायचंय, दात पडेपर्यंत. पण तू घाबरलास म्हणून मी तुझ्यावर रागवेन, असं वाटलं तुला? अरे, मी किती घाबरलेय माहितीये? माझ्याच कात्रीचा आवाज आला तरी दचकते. कात्रीवर जगणारी बाई मी! परवा एका बाईचा कोट बेतताना खडूची रेघ वाकडी गेली, तिला वाटलं मला शिवताच येत नाही."

मला हसू आलं, तिलाही. हसता हसता तिनं डोळे पुसले.

"नाही म्हणायचं असेल ना, तर तोंडानं म्हण," ती म्हणाली. "मी तुझी बहीणच राहीन. डॉक्टर दुसरी वाट शोधतील, यकृतासाठी थांबलेल्यांच्या यादीत माझं नाव आहेच. पण बिस्किटांकडून वदवून घेऊ नकोस. एवढं मात्र नको."

मी गठ्ठ्यावरून उठलो आणि तिथून निघालो. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, दोन्ही पुड्यांसकट. तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "मलाही भीती वाटते. रोज वाटते. पण तू सांगितलंस ते बरं झालं. एकटीनं घाबरायचा कंटाळा आला होता." आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघं कालव्यावर चालायला गेलो. ती माझ्याहून भरभर चालते हे मला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर कळलं. पुढचे चार दिवस मी रोज सकाळी चाललो आणि कुणासाठी चालतोय ते स्वतःला विचारलं नाही. पाय चालत होते, घाम येत होता, लाकडाच्या वखारीतून ओल्या भुश्याचा वास येत होता, आणि मला जाणवलं की गेल्या कित्येक वर्षांत माझं शरीर इतकं हलकं, इतकं माझं कधी नव्हतं. आता हे सगळं काही न देता तसंच ठेवून घेता आलं असतं. कुणी हिसकावून घेणार नव्हतं. आणि ते कळल्याबरोबर, पुलाखाली, जिथं आवाज घुमतो तिथं, मला अगदी साधेपणानं वाटलं की द्यावं. काळीज सुपाएवढं वगैरे काही झालं नाही. तहान लागल्यावर पाणी प्यावंसं वाटतं तसं वाटलं. मी तसाच घामाघूम ताईच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, "होय. तोंडानं सांगतोय, होय." ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिला काही बोलता येईना. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि एकेक टाचणी काढून उशीत खोचत राहिली.

चौदाव्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. या वेळी एमआरआयच्या बोगद्यात मी श्वास धरून पडलो होतो आणि मनात आठवड्यांचे आठवडे मोजत होतो. वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. अहवाल उघडून डॉक्टरीणबाईंनी आधी चष्मा पुसला. मला वाटलं, ही बाई मुद्दाम करते. "सात टक्के," त्या म्हणाल्या. "आणि शस्त्रक्रिया होवो न होवो, हे तुम्ही स्वतःसाठी फार चांगलं केलंत." ही बातमी मी कारखान्यात फोनवरून सांगितली तेव्हा भट्टीवाल्यानं ती ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना ऐकवली. ‘यकृत पास’, असं तो म्हणाला म्हणे, आणि पाच मिनिटं पट्टा थांबवला.

शस्त्रक्रिया एका मंगळवारी सकाळी झाली. त्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, मी झोपलेलो होतो. जागा झालो तेव्हा पोटावर कुणीतरी लोखंडी पेटी ठेवल्यासारखं वाटत होतं आणि बायकोचा हात माझ्या कपाळावर होता. "ताई?" मी विचारलं. "ठीक आहे," ती म्हणाली, "दोघांचंही काम सुरू झालंय." मी पुन्हा झोपलो. पुढचे दिवस दुखण्याचे, नळ्यांचे, पाणचट सुपाचे होते, पण रोज एक नळी कमी व्हायची. सातव्या दिवशी परिचारिकेनं मला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि ताईच्या खोलीत नेलं. माझ्या तोंडावर त्यांनी फडकं बांधलं होतं आणि लांब बसायला सांगितलं होतं. ताई उशांना टेकून बसली होती. काय बोलायचं असतं अशा वेळी? मी काहीतरी मोठं वाक्य जुळवत होतो. शेवटी मी म्हणालो, "गुंगीत असताना मला आपलं जुनं घर दिसलं. ते हिरवं दार, आणि दारात आई."

"निळं," ताई म्हणाली.

"काय निळं?"

"दार. निळं होतं."

"हिरवं होतं, ताई."

"तुला काय कळतंय? तू तेव्हा रांगत होतास."

"मी आठ वर्षांचा होतो! त्या दाराचा रंग माझ्या विजारीला लागला होता. हिरवा!"

"ते कुंपण होतं. कुंपण हिरवं, दार निळं. रंगांचं मला शिकवू नकोस, तीस वर्षं कापडं बेततेय मी."

तिचा आवाज चढला होता, गालांवर जराशी लाली आली होती, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की वर्षभरात आम्ही एकदाही भांडलो नव्हतो. ती म्हणेल ते मी मान डोलावून ऐकत होतो, आजारी माणसाचं ऐकतात तसं. तिनंही ते ओळखून कशाला विरोध केला नव्हता. वर्षभर आम्ही दोघं किती सभ्य, किती जपून वागलो होतो! मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत पुढे वाकलो, टाके ओढले गेले आणि मी कळवळून म्हणालो, "हिरवं! आई गं... हिरवंच!"

परिचारिका आत आली. "अहो, काय चाललंय? दोघांनाही आराम सांगितलाय ना? चला, पुरे झालं," असं म्हणत तिनं माझी खुर्ची वळवली. चाकं दाराबाहेर पडली. मागून ताईचा आवाज आला, खणखणीत, पुऱ्या जोरातला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा:

"निळं होतं! आणि उद्या ये, अजून बोलायचंय मला!"